पडद्यावरचा ळ : संकेतस्थळ घडवणाऱ्यांसाठी थोडी शिदोरी

आपल्या सभेचे संकेतस्थळ सुरू झाले त्या दिवशी अभिनंदनाचे फोन आले, पण सगळ्यांत पहिला फोन तक्रारीचा होता. एका ज्येष्ठ सभासद मावशींनी आजीव सभासदांची यादी उघडून पाहिली होती. त्या म्हणाल्या, “अरे, मला ‘काले’ केलंत तुम्ही. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, इंदुरातच सगळी गेली, पण सासरचं नाव आजवर कोणी बदललं नव्हतं.” मी यादी पुन्हा उघडली. काळे यांचे काले झाले होते, कऱ्हाडकरांचे करहाडकर आणि गोऱ्हे यांचे चक्क गोरे. क्षीरसागर कुटुंब यादीच्या शेवटी असायचे ते कोल्हटकरांच्या पाठोपाठ, क च्या गर्दीत जाऊन बसले होते.

संकेतस्थळ करणारा मुलगा शहरातल्याच एका लहान कंपनीतला, हिंदी घरातला, कामाला चोख. त्याने यादी फोनवरच्या हिंदी कळफलकावरून टंकली होती. हिंदीच्या रोजच्या लेखनात ळ लागत नाही, म्हणून तो कळफलकावर समोर दिसत नाही, आणि ‘का’ टंकताच फोन आपणहून ‘काले’ पुढे करतो. ज्या शहरात होळकरांचे नावच ‘होलकर’ असे पाट्यांवर वाचत आपण लहानाचे मोठे झालो, तिथे त्या मुलाला दोष कसा द्यावा? चूक समजावून सांगितल्यावर त्याने विचारलेला प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला : “काका, ये सब सीखने को कहाँ मिलेगा?” यंदाच्या व्याख्यानमालेत बोलायचे ठरले तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे असे वाटले. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज एखादा मुलगा, सून किंवा नातू संकेतस्थळे घडवण्याच्या धंद्यात आहे. बडोद्यात, हैदराबादेत, बेळगावातही हेच चित्र आहे. त्यांच्या हातात ठेवण्यासारखे काय आहे, आणि ज्यांना संगणकाचे अंग नाही पण मराठीचे आहे अशा आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना काय सांगावे, एवढाच आजचा विषय.

प्रथम पायाची गोष्ट. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा असावा आणि तो जगभर एकच असावा, या कल्पनेतून युनिकोड जन्माला आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. देवनागरीसाठी त्यात १२८ घरांची एक आळी राखून ठेवली आहे आणि तिची रचना भारतातच तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणावरून घेतली आहे. या आळीत ळ ला पहिल्यापासून स्वतःचे घर आहे. मराठीचा ॲ मात्र उशिरा आला. ‘ॲप’, ‘ॲड.’ यांतला अ वर चंद्र असलेला स्वर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्र घर मिळवून बसला. तोवर लोक साधा अ टंकून त्यावर चंद्र ठेवत, किंवा ए वर चंद्र असलेले ‘ऍ’ हे अक्षर चालवून घेत. परिणाम असा की आज मराठीत ‘ॲड.’ तीन तऱ्हांनी साठवलेले सापडते. वाचणाऱ्याला पहिल्या दोन तऱ्हांत काहीच फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी तिन्ही वेगळी. सभासदांच्या यादीत एखाद्या वकिलांचे नाव शोधताना ते सापडत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

यापेक्षा अवघड प्रकरण ‘ऱ्या’चे आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत एकीकडे गुरुजी येतात आणि दुसरीकडे स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हा आडवा, पापणीसारखा र मराठीला रोज लागतो, हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो : एक, ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त देऊन, दोन, साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे जोडणी सांगणारे एक अदृश्य चिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून मराठी संकेतस्थळावर शोधपेटी ठेवणाऱ्याने आधी सगळा मजकूर एकाच मार्गावर आणून ठेवावा, आणि वाचक शोधपेटीत जे टंकेल तेही त्याच मार्गावर आणून मग जुळवावे. काम अर्ध्या दिवसाचे आहे. न केल्यास मात्र ‘कऱ्हाडे’ शोधणाऱ्याला ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहते आणि कोणाला कळतही नाही.

आता क्षीरसागरांच्या जागेचा प्रश्न. संगणकाला काही न सांगता यादी लावायला दिली, तर तो आकड्यांच्या क्रमाने लावतो. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच मागे आहे, आणि क्ष म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हे असल्यामुळे तो क मध्ये पडतो. आपण शाळेत शिकलो तो क्रम वेगळा : ह, ळ, क्ष, ज्ञ. मराठी कोशात ‘कवच’ आधी येते आणि ‘कळस’ मागून. आकड्यांच्या क्रमात ते नेमके उलटे होते. यावर तोड आधीच तयार आहे. युनिकोडच्या मंडळींनी भाषाभाषांचे क्रम, तारखा, महिन्यांची नावे यांचे एक मोठे सार्वजनिक कोठार ठेवले आहे आणि त्यात मराठीची स्वतंत्र नोंद आहे. आजचे ब्राउझर त्या कोठाराच्या आधारे ‘मराठीप्रमाणे क्रम लाव’ ही आज्ञा ओळखतात. एका ओळीचे काम आहे. आज्ञा दिल्यावर मात्र स्वतःच्या यादीवर ळ, क्ष, ज्ञ ची आडनावे डोळ्यांनी तपासावीत, कारण सभासदांचा फोन कोठाराकडे जात नाही, आपल्याकडेच येतो.

या सगळ्याच्या आधी एक आज्ञा अशी आहे की ती जवळजवळ प्रत्येक मराठी संकेतस्थळावर चुकलेली मला आढळते. पानाच्या मूळ लिखाणात सर्वांत वर पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी ‘एम आर’ ही दोन अक्षरे. पुष्कळदा तिथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते आणि आपल्या भागात हिंदीची. यामुळे काय बिघडते? एक तर दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणारे यंत्र चुकीच्या भाषेच्या उच्चारांनी वाचू लागते. दुसरे म्हणजे अक्षरांची वळणे बदलतात. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल उजवीकडे उभा दांडा असलेला. श चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची वळणे धरली आहेत. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे पोटात साठवलेली असतात आणि पानावर मराठीची खूण असेल तरच मराठी वळण बाहेर येते. दोन अक्षरे लिहायला एक क्षण लागतो, आणि नातवंडांच्या डोळ्यांना कोणत्या ल ची सवय लागणार हे त्यावर ठरते. आपल्यासारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्यांना ही गोष्ट पुण्यामुंबईच्या माणसांपेक्षा अधिक जाणवावी, असे मला वाटते.

फॉन्टांचा विषय निघालाच आहे तर थोडे मागे जाऊ. विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘मंगल’ नावाचा देवनागरी फॉन्ट घरोघर पोचला. त्याचे कर्ते र. कृ. जोशी, मराठी कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतले औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक. सरकारी अर्ज, दाखले, निविदा यांत मंगल इतका वापरला गेला की आज तो रूक्ष वाटतो. पण पडद्यावर जोडाक्षरे नीट जुळून येतात हे पुष्कळांनी पहिल्यांदा त्याच्यात पाहिले. जोशी २००८ साली गेले. त्यानंतरच्या काळात परिस्थिती झपाट्याने पालटली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला ‘मुक्ता’ आज मराठी पानांसाठी मी सर्वांत आधी सुचवतो. तो स्वच्छ आहे, बारीकपासून ठळकपर्यंत अनेक जाडींत मिळतो आणि लहान आकारातही वाचता येतो. बडोदेकरांसाठी विशेष गोष्ट अशी की त्याचे गुजराती भावंड ‘मुक्ता वाणी’ नावाने आहे, त्यामुळे दोन्ही भाषांतले निमंत्रण एकाच अंगकाठीचे दिसते. याच गटाचा ‘बलू’ हा गुबगुबीत फॉन्ट मथळ्यांसाठी छान आहे. त्याच्या भावंडांची नावे ऐका : गुजरातीसाठी बलू भाई, कन्नडसाठी बलू तम्मा, तेलुगूसाठी बलू तम्मुडू. बेळगाव आणि हैदराबादच्या वाचकांना वेगळे सांगायला नको की यांतली दोन नावे ‘धाकटा भाऊ’ याच अर्थाची आहेत. लांब गद्य, जुनी व्याख्याने, चरित्रे यांसाठी मात्र मी ‘टिरो देवनागरी मराठी’ निवडीन. या घराण्यात हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि मराठी आवृत्तीत मराठी वळणेच मूळ धरली आहेत, त्यामुळे खूण चुकली तरी ल आपलाच राहतो. हे सगळे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. विकत घ्यावे लागत नाहीत, संस्थेला वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि गूगल फॉन्ट्स या संग्रहातून सरळ उतरवून घेता येतात.

देवनागरी फॉन्टांत शेकडो जोडाक्षरे असल्यामुळे त्यांची फाइल लॅटिन फॉन्टपेक्षा बरीच जड होते. खेड्यातून, मंद जोडणीवरून पान उघडणाऱ्याला पाच जाडींचे फॉन्ट पाठवू नयेत. दोन पुरतात : एक मजकुरासाठी आणि एक मथळ्यासाठी.

आता मांडणीकडे. इंग्रजी पानांसाठी तयार झालेले साचे मराठीला तसेच चढवले की कुठे कुठे टोचतात, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार आणि पायाशी उकार, ऋकार, जोडाक्षराचा खालचा भाग. इंग्रजीला दोन ओळींत अक्षराच्या दीडपट अंतर पुरते. मराठीला मी पावणेदोनपट ठेवतो. नाही तर वरच्या ओळीतल्या ‘ट्ठू’चा पाय खालच्या ओळीतल्या ‘र्कीं’च्या डोक्यावर पडतो. मथळे रुबाबदार दिसावेत म्हणून इंग्रजीत अक्षरे एकमेकांपासून लांब ठेवण्याची पद्धत आहे. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. हा प्रकार लग्नपत्रिकांपासून बँकांच्या पानांपर्यंत सर्वत्र आहे. तिरकी अक्षरेही आपल्या परंपरेत नव्हती. जोर द्यायचा तर ठळक करावे किंवा रंग बदलावा. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करायचे असेल, तर ‘श्री’ मधला नुसता श मोठा करून भागत नाही, अख्खे ‘श्री’ उचलावे लागते. बातमीचा मथळा ठरावीक चिन्हांवर कापणारे साचे तर शब्दाच्या मधोमध हलन्तावर कापतात आणि ‘महाराष्ट्र’चे ‘महाराष्’ होते. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजांवर एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केले आहे. त्यात अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, ओळ कोठे मोडावी, मोठे आद्याक्षर कसे धरावे हे सगळे सोदाहरण आहे. मला वाटते, मराठी पान करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे. त्या मुलाला मी पहिली गोष्ट दिली ती हीच.

दुसरी गोष्ट दिली ती ‘एमडीएन’. मोझिला या ना-नफा संस्थेने २००५ पासून चालवलेला हा वेबचा ज्ञानकोश आहे. प्रत्येक आज्ञा काय करते, कोणत्या ब्राउझरात चालते, कोठे अडते, हे तिथे उदाहरणांसह मिळते. चित्रफिती पाहून शिकणारी मुले एखादी युक्ती पटकन उचलतात, पण ती का चालते हे या पानांवर कळते. तिसरी गोष्ट फुकट असून कोणी वापरत नाही. संगणकावर कोणतेही पान उघडून त्याचे मूळ लिखाण पाहता येते. टिम बर्नर्स-ली यांनी वेब १९९१ साली जगापुढे ठेवले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधनसंस्थेने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. तेव्हापासून हे दार उघडेच आहे. आवडलेले पान उलगडून पाहावे, त्याने समास किती ठेवला, फॉन्ट कोणता घेतला, चित्रे कशी हलकी केली ते पाहावे. पूर्वी होतकरू चित्रकार जुन्या चित्रांच्या नकला करून हात बसवत, त्यातलाच हा प्रकार.

प्रेरणेसाठी एक जुने उदाहरण मी नेहमी सांगतो. २००३ साली डेव्ह शे या कॅनडातल्या रचनाकाराने ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचे पान सुरू केले. मजकूर एकच, त्याचा सांगाडाही एकच. त्यातले एक अक्षर बदलायचे नाही. फक्त वेशभूषेची फाइल बदलायची. जगभरातल्या रचनाकारांनी त्या एकाच मजकुराला शेकडो वेश दिले : कुठे जपानी बाग, कुठे सर्कशीचे भित्तिपत्रक. मजकूर आणि मांडणी यांना वेगळे ठेवावे हे तत्त्व पुस्तकात वाचून पटत नाही, ते इथे डोळ्यांसमोर दिसते. आपल्या घरच्या तरुणांनी एखादा मराठी मजकूर घेऊन असाच खेळ करावा. सभेच्या एका जुन्या व्याख्यानाला पाच मुलांनी पाच वेश द्यावेत. त्यानंतर २०१० साली ईथन मार्कॉट यांनी एका लेखात मांडलेली कल्पना आता सर्वत्र रूढ आहे : फोन, टॅब, संगणक यांसाठी वेगवेगळी पाने करू नयेत, एकच पान जागा पाहून आकार बदलेल असे करावे. आपल्या सभासदांपैकी बहुतेक जण फोनवरच पाहतात, तेव्हा आधी फोनवर नीट दिसते का ते पाहावे आणि मग मोठ्या पडद्याची काळजी करावी.

पण सगळी प्रेरणा बाहेरूनच आणायला हवी असे नाही. निर्णयसागर छापखान्याचे एखादे जुने पुस्तक माळ्यावर असेल तर खाली काढा. जावजी दादाजींच्या त्या कारखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले खिळे पाहा. त्या अक्षरांची जाड-बारीक रेघ, जोडाक्षरांची ठेवण, ओळींमधली मोकळीक आजही फॉन्ट करणाऱ्यांना मार्गदर्शक आहे. जुळाऱ्यांना एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवावी लागे, म्हणून तिथे कोणतीही जागा फुकट गेलेली दिसत नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षके पाहा. नाटकाचे नाव वाचण्याआधीच ते विनोदी आहे की गंभीर हे कळे. शेडगे २०२० साली गेले. जुनी वर्तमानपत्रे आणि मासिकांची मुखपृष्ठे ज्यांनी जपून ठेवली आहेत त्यांच्याकडे या कलेचे मोठे भांडार आहे. एखाद्या मुलीने संकेतस्थळाचा मथळा तयार करण्याआधी ते अर्धा तास चाळले, तर परदेशी नमुन्यांच्या शंभर पानांपेक्षा अधिक मिळेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी एक विषय जवळचा आहे, तो मोडीचा. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दफ्तरांची लिपी मोडी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जमिनीचे, वतनाचे, हुंडीचे कागद मोडीत आहेत आणि वाचणारे कोणी उरले नाही. मोडीला २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्वतःची जागा मिळाली आणि नोटो घराण्यात मोडीचा फॉन्टही आहे. म्हणजे आता एखाद्या कागदाचे छायाचित्र, त्याशेजारी मोडीतले टंकलेखन आणि त्याखाली देवनागरी वाचन असे पान कोणालाही करता येईल. हस्तलिखित मोडीची वळणे इतकी वेगवेगळी आहेत की फॉन्टमुळे वाचन सोपे होत नाही. वाचायला जाणकारच लागतो. पण जाणकाराने एकदा वाचलेले पुन्हा हरवणार नाही.

शब्दांसाठी अडले तर काय करावे? ‘सबमिट’, ‘लॉगिन’, ‘डाउनलोड’ यांना मराठी काय, हा प्रश्न मुले विचारतात. माझे उत्तर साधे आहे : लोक जे बोलतात ते ठेवा, पण ‘पाठवा’ आणि ‘उतरवून घ्या’ चालत असेल तिथे ते वापरा. शंका आली तर शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश विनामूल्य खुले केले आहेत. त्यांत मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही. मराठी विश्वकोश वाचायला खुला आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. पान करून पाहताना त्यात लॅटिन भाषेतला निरर्थक मजकूर भरण्याची जी सवय आहे ती सोडून, या ठिकाणांवरचा खरा मराठी मजकूर भरावा. ‘द्ध’, ‘ङ्म’, ‘ऱ्ह’ कुठे बिघडतात ते तेव्हाच दिसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सारा प्रपंच केला तिच्याकडे येतो. आपली व्याख्यानमाला दरवर्षी पुस्तकरूपाने निघते. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतले अंक संगणकावर जुळवलेले आहेत आणि त्यांतल्या काहींच्या फाइली आपल्याकडे आहेत. आम्हांला वाटले होते की त्या उघडायच्या आणि पानावर चढवायच्या. उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा निघाला. त्या काळच्या प्रत्येक छपाईच्या सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, कुठे नुसता काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेल तरच मराठी दिसते. तो गेला की मजकूरही गेला. रूपांतर करणारी साधने आहेत, त्यांतली बरीच विनामूल्य आहेत, पण ती ढोबळ आहेत. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात, ‘मूर्ती’तला र जुन्यात त च्या नंतर, नव्यात आधी. साधन ही उलटापालट बहुतेक ठिकाणी बरोबर करते आणि काही ठिकाणी हटकून चुकते. मुद्रितशोधनाला पर्याय नाही. त्याहून जुने, खिळे जुळवून छापलेले अंक आहेत त्यांचे छायाचित्र काढून ‘टेसरॅक्ट’ या मुक्त साधनाकडून अक्षरे ओळखून घेता येतात. ते मराठी जाणते, पण पिवळ्या कागदावर अडखळते, आणि तिथेही शेवटी माणसाचाच डोळा लागतो.

काही जण विचारतील, एवढा खटाटोप कशाला, छायाचित्रेच चढवावीत. पहिल्या वेळी आम्ही तेच केले आणि तो माझाच निर्णय होता, तो चुकला. छायाचित्रात शोध घेता येत नाही. ‘अहिल्याबाई’ हा शब्द कोणकोणत्या व्याख्यानांत आला हे विचारता येत नाही. फोनवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. आणि आपल्या सभेचे एक जुने श्रोते, ज्यांची दृष्टी आता गेली आहे, त्यांना ती पाने बंद पुस्तकासारखी झाली. ते पडदा वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे विनामूल्य साधन वापरतात. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते २००६ साली सुरू केले. ते साधन खरा मजकूर मराठीत वाचते, छायाचित्रापाशी मात्र गप्प बसते. वेबच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे डब्ल्यू थ्री सी ने ठरवून दिली आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे हा त्यांतलाच एक नियम. करड्यावर फिकट करडे लिहिण्याची जी फॅशन आहे ती साठीपुढच्या वाचकाला छळते, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने माहीत आहे.

हक्कांचा मुद्दाही मध्ये येतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. त्यामुळे जुन्या वक्त्यांपैकी काहींची व्याख्याने आपण मोकळेपणी देऊ शकतो, बाकीच्यांच्या घरच्यांकडून लेखी परवानगी घ्यायला हवी. हे काम तरुणांचे नाही. पत्ते आपल्यालाच माहीत आहेत. हक्क सुटलेला मजकूर मराठी विकिस्रोतावरही ठेवता येतो, म्हणजे उद्या सभेचे संकेतस्थळ बंद पडले, नूतनीकरणाची रक्कम भरायची राहून गेली, तरी मजकूर दुसरीकडे राहील. हे घडते. ‘वेबॅक मशीन’ या इंटरनेट अर्काइव्हच्या दालनात जुनी पाने पाहता येतात आणि तिथे हिंडताना किती मराठी संकेतस्थळे मधल्या मध्ये नाहीशी झाली ते दिसते. आपण स्वतःहून तिथे पान नोंदवू शकतो. आम्ही दर तीन महिन्यांनी नोंदवतो.

सभासदांची यादी आता दुरुस्त झाली आहे. त्या मुलाने फोनवर मराठी कळफलक घालून घेतला आणि प्रत्येक आडनाव पावतीपुस्तकाशी ताडून पाहिले. मावशींना दाखवले तेव्हा त्यांनी आधी स्वतःचे नाव पाहिले, मग यादी शेवटपर्यंत सरकवून क्षीरसागर कुठे आहेत ते पाहिले.

व्याख्यानांचे काम मात्र अर्धे बाकी आहे. काही वर्षांचे अंक कार्यालयात नाहीत आणि ज्या छापखान्यात ते छापले तो बंद झाला आहे. आपल्या घरी कपाटात, ट्रंकेत, माहेरच्या सामानात एखादा अंक निघाला तर कृपया कळवावे. छायाचित्र काढून मूळ प्रत परत दिली जाईल. ज्यांना शुद्धलेखनाचा डोळा आहे आणि दुपारचा एखादा तास मोकळा आहे, त्यांच्यासाठी रूपांतरित पाने कागदावर मोठ्या अक्षरांत छापून ठेवली आहेत. लाल पेन घेऊन यावे. संगणकाला हात लावावा लागणार नाही.